वडिलांना वाटायचं मुलीनं डॉक्टर व्हावं, कमल रणदिवे मात्र पेशींच्या कोड्यात रमल्या

बोट कापलं की काही दिवसांत नवी कातडी येते. ती येते कुठून?

जखमेच्या कडेच्या पेशी विभागतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार. विभागण्याआधी प्रत्येक पेशी आपल्या डीएनएची पूर्ण नक्कल करते, म्हणून दोन्ही नव्या पेशींकडे सारखीच माहिती जाते. जखम भरली की हे काम थांबतं.

पण थांबलंच नाही तर? पेशी वाढतच जातात, त्यांची गाठ होते, कॅन्सर होतो. हे कोडं सोडवण्यात एका मराठी बाईंनी आयुष्य घातलं. डॉ. कमल रणदिवे.

जन्म पुण्यातला, ८ नोव्हेंबर १९१७ चा. शाळा हुजूरपागा. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलीनं डॉक्टर व्हावं असं त्यांना वाटायचं, पण कमलताईंनी संशोधनाची वाट धरली.

एमएस्सीला त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं अभ्यासली. ही पदवी त्यांना १९४३ मध्ये मिळाली. तेव्हा डीएनएची रचना कुणालाच माहीत नव्हती, ती १९५३ मध्ये कळली. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात हे पक्कं व्हायलाही १९५६ उजाडलं.

गणितज्ञ ज. त. रणदिवे यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईत आल्या. तिथं डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली काम करत १९४९ मध्ये पीएचडी मिळवली. पुढे फेलोशिपवर त्या अमेरिकेत, बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हेन्रिएटा लॅक्स या रुग्णाच्या कॅन्सरच्या पेशी १९५१ मध्ये वाढवल्या गेल्या, त्या याच प्रयोगशाळेत. 'हेला' नावाच्या त्या पेशी आजही विभागतायत.

ही शरीराबाहेर पेशी वाढवण्याची पद्धत, म्हणजेच टिश्यू कल्चर. उबदार जागी, पोषक द्रवात पेशी ठेवायच्या आणि बघत राहायचं. साध्या पेशी ठरावीक वेळा विभागून थांबतात. कॅन्सरच्या थांबत नाहीत.

मग त्या परत आल्या. मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. उंदरांवर काम करत स्तनाच्या कॅन्सरचा हार्मोन, विषाणू आणि आनुवंशिकतेशी काय संबंध आहे, हे शोधलं. कुष्ठरोगाच्या जिवाणूंवरचं त्यांचं काम पुढे लस बनवायला उपयोगी पडलं.

विज्ञानात बायकांना सोबत मिळावी म्हणून १९७३ मध्ये सहकाऱ्यांसोबत त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. २००१ मध्ये त्या गेल्या.

आज कॅन्सरचं नवं औषध रुग्णापर्यंत पोचण्याआधी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तपासतात. पेशींचं विभागणं थांबतंय का, हे तिथं आधी बघितलं जातं. भारतात या कामाचा पाया कमलताईंनी घातला.