एसी लावला की गाडी का थरथरते? आधी जेम्स वॉटला भेटूया

मे महिना, नगर-मनमाड रोड, कोल्हारच्या पुलाजवळ ट्रॅफिक जाम. अशा वेळी एसी बंद ठेवून बसणं म्हणजे शिक्षाच. पण आमच्या जुन्या पेट्रोल गाडीचा एसी लावला की स्टेअरिंग थरथरायचं, आरपीएमचा काटा ७५० वरून ५५० वर यायचा आणि गाडी आता बंद पडते की काय असं वाटायचं. एका गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच एसीचा कॉम्प्रेसर बदला म्हणून सांगितलं. खर्चाचा आकडा ऐकून पप्पा म्हणाले, काचा खाली करून जाऊ.

मित्रांनो, चालत्या इंजिनावर अचानक लोड आला की ते दबतं. ही भानगड मोटारगाडीपेक्षाही जुनी आहे. तिच्यावर काम करणाऱ्या माणसाचं नाव तुमच्या मोबाईल चार्जरवर छापलेलं असतं: वॅट.

जेम्स वॉटचा जन्म १७३६ चा, स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक या बंदराच्या गावातला. तब्येत नाजूक, पण हातात कला. लंडनला वर्षभर राहून तो मोजमापाची उपकरणं बनवायला शिकला. ग्लासगोला परत आला तर तिथल्या कारागिरांच्या संघाने दुकान टाकू दिलं नाही, कारण पूर्ण मुदतीची उमेदवारी झालेली नव्हती. शेवटी १७५७ मध्ये विद्यापीठाने त्याला आपल्या आवारात जागा दिली.

१७६३ च्या सुमारास तिथेच त्याच्याकडे न्यूकमनच्या वाफेच्या इंजिनाचं छोटं मॉडेल रिपेअरिंगला आलं. काही फेरे मारायचं आणि थांबायचं. वॉटने ते नीट केलं तरी तेच. मग त्याने मोजायला सुरुवात केली: एका फेऱ्याला किती वाफ लागते, ती किती पाणी तापवू शकते. हिशोब निघाला की वाफेतली साधारण पाऊण उष्णता फक्त गार झालेलं सिलिंडर पुन्हा तापवण्यात जाते. म्हणजे मॉडेल बिघडलेलं नव्हतंच, डिझाइनच उधळं होतं. १७६५ मध्ये त्याला उपाय सुचला: वाफ गार करायला वेगळं भांडं, म्हणजे कंडेन्सर. तुमच्या गाडीत रेडिएटरच्या पुढे एसीची जी जाळी असते तिलाही कंडेन्सरच म्हणतात. तीही आत दाबलेल्या गॅसची उष्णता बाहेर टाकून त्याचं द्रव करते.

पुढची दहा वर्षं वाईट गेली. पैसे लावणारा भागीदार बुडाला, पोटासाठी वॉट कालव्यांचे सर्व्हे करत फिरला, १७७३ मध्ये बायको गेली. १७७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनशी भागीदारी झाली आणि पुढच्या वर्षी इंजिनं विकली जाऊ लागली.

नंतर ही इंजिनं गिरण्या फिरवू लागली आणि आपला मुद्दा इथेच येतो. काम वाढलं की इंजिन मंदावायचं, कमी झालं की सुसाट. १७८८ मध्ये वॉटने गव्हर्नर बसवला. फिरणारे दोन गोळे असतात. वेग घटला की ते खाली येतात आणि वाफेची झडप उघडते, वेग वाढला की उलटं. ही युक्ती पवनचक्क्यांत आधीपासून होती, त्यामुळे त्याने पेटंटही घेतलं नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला फीडबॅक लूप म्हणतो.

तुमच्या गाडीत गोळ्यांच्या जागी ईसीयू आहे. एसीचं बटण दाबलं की त्याला आधीच कळतं, मग तो थ्रॉटल थोडं उघडून कॉम्प्रेसर जोडतो. ही आगाऊ सूचना वॉटच्या गोळ्यांना मिळत नव्हती; आधी वेग पडायचा, मगच ते हलायचे.

मग आम्हीही आधी मोजलं. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टेअरिंगखाली ओबीडी पोर्ट असतो. त्यात ब्लूटूथ डोंगल लावलं की मोबाईलवर आरपीएम आणि थ्रॉटल किती उघडलंय ते दिसतं. आरपीएम स्थिर असून गाडी हलत असेल, तर इंजिन माउंट बघा. मिसफायरचा कोड आला तर प्लग आणि कॉइल. उभ्या गाडीत एसी गार करत नाही आणि थरथर वाढत जाते, तर कंडेन्सरचा पंखा फिरतोय का ते बघा. तो बंद असेल तर दाब वाढून कॉम्प्रेसर जड होतो. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. ईसीयू थ्रॉटल उघडत होता, तरी आरपीएम पडत होता. म्हणजे हवा कुठेतरी अडत होती. एअर फिल्टर स्वच्छ होता. थ्रॉटल बॉडी उघडली तर काठावर कार्बनचा काळा थर.

थ्रॉटल बॉडी क्लीनरचा एक डबा आणि जुना सुती कपडा, बस. एक सांगतो, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने ढकलू नका, आतली मोटर बिघडू शकते. साफ केल्यावर ईसीयूला आयडल नव्याने शिकवावं लागतं. प्रत्येक मॉडेलची पद्धत वेगळी, मॅन्युअल बघा.

वॉट १८०० मध्ये निवृत्त झाला आणि १८१९ मध्ये वारला. शक्तीच्या एककाला त्याचं नाव १८८२ मध्ये सुचवलं गेलं. आमच्या गाडीचा काटा आता एसी लावला की क्षणभर हलतो आणि ८०० वर थांबतो. कॉम्प्रेसर तोच आहे, जुना.