चौथीपर्यंत शिकलेल्या कुंडलच्या कमलाबाई लाखभर सुनांच्या सासूबाई झाल्या, त्या वाटी-चमच्याच्या जोरावर

मोबाईल उघडला की सध्या एक रील हमखास समोर येतं. बटाट्याच्या कणकेचे बोटाच्या पेराएवढे गोळे, वर चमचाभर तेल आणि सगळं एअर फ्रायरमध्ये. पंधरा मिनिटांनी टोपली बाहेर येते तेव्हा गोळे सोनेरी आणि कुरकुरीत झालेले असतात. या इटालियन पदार्थाचं नाव न्योकी.

बघायला एकदम सोपं वाटतं, म्हणून आपणही करायला जातो. बटाटे उकडून कुस्करतो, मैदा घालतो, गोळे करतो. फ्रायरमध्ये जाण्याआधी ते मिनिट-दोन मिनिटं पाण्यात उकळायचे असतात आणि तिथेच घोळ होतो. मैदा कमी पडला तर गोळे पाण्यात विरघळतात. जास्त झाला तर फ्रायरमधून खडे बाहेर येतात. मग रील पुन्हा लावून बघायचं, मैदा किती घेतला होता? उत्तर मिळतं, अंदाजे.

या अंदाजानेच आपल्याकडच्या कितीतरी नव्या नवरींना रडवलंय. आणि त्यातून त्यांची सुटका करणारी बाई आपल्या सांगलीची होती. नाव कमलाबाई ओगले, पुस्तकाचं नाव रुचिरा.

पण कमलाबाईंकडे जाण्याआधी दोन मिनिटं इटलीत जाऊन येऊ. कारण न्योकी विरघळण्याची ही तक्रार सव्वाशे वर्षं जुनी आहे.

पेलेग्रिनो आर्तुसी नावाचे एक गृहस्थ होते. जन्म १८२० चा, धंदा रेशमाचा, मुक्काम फ्लोरेन्सला. धंद्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वयंपाकाचं पुस्तक लिहिलं. प्रकाशकांनी दाद दिली नाही, तेव्हा १८९१ मध्ये स्वतःच्या खर्चाने हजार प्रती छापल्या. त्या पुस्तकात बटाट्याच्या न्योकीचं प्रमाण दिलंय, ४०० ग्रॅम बटाट्याला १५० ग्रॅम मैदा. सोबत एका बाईचा किस्सा आहे. तिने गोळे उकळत्या पाण्यात सोडले, झारा फिरवला आणि पातेल्यात गोळेच सापडेनात. कारण साधं होतं, मैदा कमी पडला होता.

आर्तुसी काही खानसामा नव्हते. त्यांच्या पाककृती करून बघण्यात घरची स्वयंपाकीण मारिएत्ता सबातिनी हिचा मोठा वाटा होता. १९११ मध्ये आर्तुसी गेले तेव्हा पुस्तकाचे हक्क ते मारिएत्ता आणि घरातला दुसरा नोकर यांच्या नावे करून गेले. घरात हाताच्या सवयीने होणारा स्वयंपाक कागदावर मापात मांडला, की परक्या माणसालाही तो जमतो, हे त्या पुस्तकाने इटलीत दाखवून दिलं.

आर्तुसी गेले त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१३ साली, कुंडलमध्ये कमलाबाईंचा जन्म झाला.

कुंडल आज सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात आहे. तेव्हा सांगली नावाचा जिल्हाच नव्हता. कुंडल औंध संस्थानात होतं आणि औंध गाव आज सातारा जिल्ह्यात आहे. पुढे १९४९ मध्ये दक्षिण सातारा नावाचा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळे कमलाबाई साताऱ्याच्या की सांगलीच्या असा वाद घालायचा झाला तर दोन्ही बाजू थोड्या थोड्या बरोबर निघतील.

कमलाबाईंच्या जन्माच्या तीन वर्षं आधी, १९१० मध्ये, कुंडलशेजारच्या माळावर एक उद्योग सुरू झाला होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली होती. निवडुंग साफ करून तिथे लोखंडी नांगराचा कारखाना आणि त्याभोवती किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे याच वाडीतून किर्लोस्कर मासिक निघालं आणि १९३० पासून बायकांसाठी स्त्री हे मासिक. किर्लोस्कर हे नाव लक्षात ठेवा, गोष्टीत ते पुन्हा येणार आहे.

नांगर यंत्रावर तयार होऊ लागले तरी मुलींचं शिक्षण मात्र जुन्याच चालीने सुरू होतं. कमलाबाई चौथीपर्यंत शिकल्या. लिहिता-वाचता येऊ लागलं, हिशेब जमू लागला, की पुढे लग्न. त्या काळातल्या बहुतेक मुलींचं असंच होतं. लग्न होऊन त्या सांगलीत ओगल्यांच्या घरी आल्या.

इथे त्यांची दुसरी शाळा सुरू झाली. शिक्षिका होत्या सासूबाई.

त्या काळातलं स्वयंपाकघर जरा डोळ्यांसमोर आणा. समोर चूल, तिला ना बटण ना आकडे. जाळ किती, हे लाकूड आत-बाहेर सरकवून ठरवायचं. माप म्हणजे शेर, अधोली, मापटं, चिपटं. मीठ चिमटीने, तिखट ओंजळीच्या खळग्याने. पुरणाला गूळ किती? लागेल तेवढा. लाडवाला पाक कसा? आला की कळतो. सगळी विद्या सासूच्या हातात, आणि ती सुनेच्या हातात उतरायला वर्षानुवर्षं शेजारी उभं राहावं लागायचं.

ज्या सुनेला असं उभं राहून शिकायला मिळायचं, ती तरून जायची. जिला मिळायचं नाही, तिच्या वाट्याला एकच शेरा यायचा, हिच्या हाताला चव नाही. हा शेरा वरवर साधा वाटतो. पण ज्या घरात बाईची किंमत तिच्या स्वयंपाकावर ठरायची, तिथे तो आयुष्यभर चिकटायचा. कारण चव ही हातात जन्मतःच असते किंवा नसते, असंच सगळे धरून चालायचे.

कमलाबाईंना उभं राहून शिकायला मिळालं. सासूबाईंच्या हाताखाली त्या सुगरण झाल्या. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. हाताला जे कळलंय ते मापून बघायचं आणि दुसरीला सांगता येईल असं करायचं, हे पुढचं काम त्यांनी केलं. त्यातूनच रुचिरा तयार झालं.

पुस्तक आलं १९७० मध्ये, किर्लोस्करांकडून. कुंडलच्या मुलीचं पुस्तक कुंडलच्या माळावर वाढलेल्या नावाने छापलं.

मराठीत पाककृतींचं पुस्तक ही काही नवी गोष्ट नव्हती. लक्ष्मीबाई धुरंधरांचं गृहिणीमित्र १९१० मध्येच आलं होतं आणि त्यात हजार पाककृती होत्या. मग रुचिरामध्ये असं काय होतं?

उत्तर आहे वाटी आणि चमचा.

कमलाबाईंनी प्रमाण दिलं ते घरातल्या वाटीचं आणि चमच्याचं. आज हे ऐकून काहीच वाटत नाही. पण त्या काळात घराघरात काय चाललं होतं ते बघा. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. साठच्या दशकात दुकानातून शेर आणि छटाक जाऊन किलो आणि ग्रॅम आले. म्हणजे आईने सांगितलेलं प्रमाण शेरात, वाण्याने दिलेली पुडी ग्रॅममध्ये आणि घरात वजनकाटा नाही. नव्या सुनेने मेळ घालायचा कसा?

वाटी मात्र प्रत्येक घरात होती. आणि वाटीची खरी गंमत अशी, की वाटी लहान असो की मोठी, सगळ्या जिनसा त्याच एका वाटीने मोजल्या की पदार्थातलं एकमेकांचं प्रमाण बिघडत नाही. दोन वाट्या डाळीला दोन वाट्या गूळ हे सांगलीतल्या वाटीनेही खरं आणि दादरमधल्या वाटीनेही खरं. काटा नको, ग्रॅम नकोत, शाळा जास्त शिकलेली असायचीही गरज नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईने लिहिलेलं पुस्तक चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला वापरता येत होतं.

दुसरं म्हणजे वेळ. सत्तरचं दशक हा घरं फुटण्याचा काळ होता. फुटण्याचा म्हणजे भांडून वेगळं होण्याचा नाही. नोकरीसाठी नवरा-बायको मुंबईला, पुण्याला, पिंपरीला दोन खोल्यांत राहायला लागले होते. चूल जाऊन रॉकेलचा स्टोव्ह आला होता, मागोमाग गॅस येत होता. १९५९ च्या सुमारास देशी प्रेशर कुकर बाजारात आले होते. भांडी नवी, शेगडी नवी आणि विचारायला सासू नाही. ती गावाकडे, घरात फोन नाही, पत्राचं उत्तर यायला आठ दिवस.

अशा घरात ओट्यावर रुचिरा उघडून ठेवलेलं असायचं. आमटी, कोशिंबीर, रोजची भाजी यापासून सणाच्या पक्वान्नांपर्यंत आणि वर्षाच्या मसाल्या-लोणच्यांपर्यंत जे लागेल ते त्यात मिळायचं. ते कधी रागवायचं नाही, चार माणसांत चूक काढायचं नाही आणि तोच प्रश्न दहाव्यांदा विचारला तरी तेच उत्तर द्यायचं.

पुस्तकाच्या लाखाहून जास्त प्रती खपल्या. मराठी पुस्तकाची हजार प्रतींची आवृत्ती संपायला वर्षं लागतात, हे लक्षात घेतलं की हा आकडा किती मोठा आहे ते कळतं. पुढे रुचिराचा दुसरा भाग आला. लग्नात नव्या नवरीला हे पुस्तक देण्याची पद्धतच पडली. परदेशी निघालेल्या मुलींच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी ते जाऊ लागलं. कमलाबाईंना लोक एक लाख सुनांची सासू म्हणू लागले.

या पदवीत एक मजा आहे. सासू म्हटलं की आपल्या ओव्यांमध्ये, म्हणींमध्ये आणि सिनेमात धाक देणारी बाईच समोर येते. कमलाबाई सासू झाल्या त्या शिकवून. आपल्या सासूकडून घेतलेली विद्या त्यांनी घरात कुलूप लावून ठेवली नाही. ज्यांचं तोंडही कधी बघितलं नव्हतं, अशा बायकांना त्यांनी ती जशीच्या तशी देऊन टाकली. त्यामुळे हाताला चव नाही या शेऱ्यातली हवाच निघाली. चव प्रमाणात असते आणि प्रमाण शिकता येतं, हे लाखभर घरांत रोजच्या रोज सिद्ध होऊ लागलं.

आर्तुसींची आणि कमलाबाईंची गोष्ट इथे जुळते आणि इथेच वेगळीही होते. दोघांनी प्रमाण कागदावर आणलं. पण तिकडे नाव मालकाचं आणि चुलीसमोर उभी मारिएत्ता. इकडे चुलीसमोर उभी राहिलेली बाई आणि पुस्तकावर नाव असलेली बाई एकच होती.

१९९९ मध्ये कमलाबाई गेल्या. तोवर मराठी घरांत मिक्सर आणि फ्रिज रुळले होते, मायक्रोवेव्ह येऊ लागला होता. एअर फ्रायर अजून जन्मालाही आला नव्हता. फिलिप्सने तो बर्लिनच्या प्रदर्शनात मांडला २०१० मध्ये. न्योकी तर आपल्याकडे त्याहून उशिरा लोकप्रिय झाली.

तरीही आजची ही न्योकी त्यांच्या पद्धतीनेच सुटते. खरं तर कणकेचे तुकडे उकळत्या पातळ पदार्थात शिजवणं आपल्याला नवं नाही. चकोल्या, वरणफळं, शेंगोळे ही त्याच कुळातली मंडळी.

आर्तुसींचं प्रमाण आपल्या भाषेत आणलं तर मध्यम आकाराचे चार बटाटे आणि सव्वा वाटी मैदा, वाटी साधारण २०० मिलिलिटरची. बटाटे जुने घ्या. पुसेगावच्या बाजूचा नुकता काढलेला नवा बटाटा भाजीला झकास, पण त्यात पाणी जास्त असतं, म्हणजे मैदाही जास्त लागतो. बटाटे सालासकट उकडा, गरम असतानाच कुस्करा आणि वाफ जाऊ द्या. मीठ आणि मैदा घालून हलक्या हाताने गोळा करा, कणकेसारखं तिंबत बसू नका. तुकडे कापून उकळत्या पाण्यात टाका, वर तरंगले की झाऱ्याने काढा आणि कापडावर कोरडे करा. मग दोन चमचे तेल चोळून, टोपलीत एकावर एक न येऊ देता, २०० अंशांवर १२ ते १५ मिनिटं. मध्ये एकदा टोपली हलवा. ओलावा बाहेरच्या थरातून उडून गेला की कुरकुरीतपणा येतो, म्हणून पाण्यातून काढल्यावर कोरडं करणं चुकवायचं नाही. आणि सगळे गोळे करण्याआधी एकच गोळा पाण्यात टाकून बघा. तो विरघळला तर दोन चमचे मैदा वाढवा, आणि किती वाढवला ते लिहून ठेवा.

घरी जुनं रुचिरा असेल तर कपाटातून काढून बघा. आईने किंवा आजीने पेन्सिलीने कडेला काहीतरी खरडलेलं असेल. अर्धी वाटी गूळ कमी, किंवा एक चमचा तिखट जास्त. तेलाचे आणि हळदीचे डाग पडलेल्या त्या पानाखाली तुमचं न्योकीचं प्रमाणही लिहून टाका. पुढच्या सुनेला, किंवा मुलाला, अंदाजे म्हणावं लागणार नाही.