लांडगे मारणारा हरणांचा अभ्यासक

येल विद्यापीठात वनशास्त्र शिकून आल्डो लिओपोल्ड १९०९ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात वनखात्याच्या नोकरीवर रुजू झाले. लांडगे संपले की हरणे वाढतील, हे तेव्हाचे त्यांचे सरळ गणित. लांडग्यांवर त्यांनी स्वतःही गोळ्या झाडल्या.

हे गणित चुकल्याचे दिसले ते ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेला, कैबाब पठारावर. खेचरासारख्या मोठ्या कानांच्या म्यूल डिअर हरणांसाठी ते १९०६ पासून राखीव होते. शिकारीला बंदी, आणि लांडगे, पहाडी सिंह सरकारी शिकारी टिपत होते. कळप फुगले. तोंड पोचेल तिथपर्यंतची झुडपे ओरबाडली गेली आणि १९२४ च्या सुमाराच्या हिवाळ्यांत हरणे उपाशी मेली. किती, यावर संशोधकांत वाद आहे.

चाऱ्याची टंचाई शिंगांवरही दिसते. आपल्या चितळाप्रमाणेच या नरांची शिंगे दरवर्षी गळून नवी फुटतात. ती हाडाचीच. दुष्काळात पोटात गेलेले आधी जीव जगवण्यात खर्च होते, शिंगे खुरटतात. त्यात शिकाऱ्यांनी मोठ्या शिंगांचे नर वेचले, तर कळपात उरतात ती कोवळी पोरे.

१९३३ पासून लिओपोल्ड विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापन शिकवू लागले. तिथली हरणे चाऱ्याबाहेर वाढल्यावर माद्यांचीही शिकार व्हावी, असे त्यांनी सांगितले. लोक भयंकर चिडले. २१ एप्रिल १९४८ रोजी शेजाऱ्याच्या रानातला वणवा विझवताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.