आनंदीबाई जोशी यांचा संसार: आधार आणि धाक

कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय तुम्हाला माहीत असेल. पूर्वी ते अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होते. तिथल्या स्त्री-विभागासाठी १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक झाली होती. क्षयामुळे त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या शिक्षणाबद्दल तुम्ही वाचले असेल. आज त्यांच्या संसाराकडे पाहू.

नवव्या वर्षी त्यांचे लग्न टपाल खात्यातील गोपाळरावांशी झाले. ते सुमारे वीस वर्षांनी मोठे आणि बिजवर होते. त्यांनी पत्नीला हौसेने शिकवले, पण ते तापट होते. अभ्यास चुकला की मारहाण होई. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंचे दहा दिवसांचे बाळ दगावले. १८८३ मध्ये गोपाळरावांनीच त्यांना अमेरिकेला धाडले. पुढे पत्रांतून संशय आणि टोमणेही पाठवले. आनंदीबाईंनी उत्तरात जुन्या मारहाणीची आठवण दिली, तरी कृतज्ञता सोडली नाही.

जवळिकीची पद्धत म्हणजे काय?

अडचणीत आपले माणूस आधार देईल, हा विश्वास लहानपणापासून घडतो. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी त्याला अटॅचमेंट म्हटले. विश्वास पक्का असेल तर मतभेद बोलून सुटतात. तो डळमळीत असेल तर कुणी सतत खात्री मागतो, कुणी अबोला धरतो. त्यात तापट स्वभावाची भर पडली की भांडण लवकर पेटते.

आधार देणाऱ्याचीच भीती वाटते, तेव्हा मनाची सर्वाधिक ओढाताण होते. गेलेल्या व्यक्तींचे निदान करता येत नाही, पण ही ओढाताण आनंदीबाईंच्या संसारात दिसते. अमेरिकेत कार्पेंटर कुटुंबाने त्यांना निर्धास्त माया दिली. असे नाते मोठेपणीही मनाला सावरते.

तुम्ही काय करू शकता?

राग चढला की थोडा वेळ थांबा, पण परत कधी बोलणार ते सांगून जा. तक्रारीऐवजी गरज सांगा. तेच भांडण पुन्हा पुन्हा होत असेल तर दोघे मिळून समुपदेशकाकडे जा.

मारहाण मात्र स्वभाव म्हणून सोसू नका आणि घरच्यांनीही जुळवून घेण्याचा सल्ला देऊ नये. आनंदीबाई डॉक्टर झाल्या, म्हणून तो मार योग्य ठरत नाही. मदतीसाठी महिला हेल्पलाइन १८१, मानसिक त्रासासाठी टेली-मानस १४४१६.