मिखाईल त्स्वेत : रक्तातील अँटिबायोटिक मोजण्यामागचा वनस्पतिशास्त्रज्ञ

खडकवासल्यातल्या माझ्या दवाखान्यात पुण्याच्या आयसीयूतून घरी आलेले रुग्ण फाइल घेऊन येतात. त्यात कधीतरी मेरोपेनेमच्या रक्तातील पातळीचा रिपोर्ट असतो आणि पद्धत म्हणून एचपीएलसी लिहिलेले असते. हे काय, असे नातेवाईक विचारतात. या पद्धतीची सुरुवात एका वनस्पतिशास्त्रज्ञाने केली.

मिखाईल त्स्वेत यांचा जन्म १८७२ मध्ये इटलीतील आस्ती येथे झाला. वडील रशियन, इटालियन आई बाळंतपणानंतर लवकरच वारली. शिक्षण स्वित्झर्लंडमध्ये झाले. १८९६ मध्ये जिनिव्हाची डॉक्टरेट घेऊन ते रशियात गेले, तर तिथे ती पदवी ग्राह्य धरली जाईना. पुन्हा प्रबंध लिहून १९०१ मध्ये कझानहून पदवी मिळवावी लागली. (परदेशातून एमबीबीएस करून आलेल्यांना हे दुःख वेगळे सांगायला नको.)

पुढे वॉर्सात ते पानांतील रंगद्रव्यांवर काम करत होते. काचेच्या नळीत त्यांनी खडूची बारीक भुकटी दाबून भरली, वरून पानांचा अर्क ओतला आणि मग नुसता विद्रावक सोडत राहिले. जो पदार्थ खडूला घट्ट चिकटतो तो मागे राहतो, सैल चिकटतो तो पुढे सरकतो. नळीत हिरवे-पिवळे पट्टे वेगळे झाले. शाळेत खडूवर शाईचा ठिपका देऊन तो पाण्यात उभा केला असेल, तर तुम्ही हेच पाहिले आहे. १९०६ मध्ये त्यांनी पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. गंमत म्हणजे त्स्वेत या रशियन शब्दाचा अर्थही रंग असाच आहे.

पण मोठ्या रसायनशास्त्रज्ञांना ती पटली नाही. क्लोरोफिलच्या कामासाठी १९१५ चे नोबेल मिळवणारे विल्श्टेटर यांनाही ती भरवशाची वाटली नाही. पहिल्या महायुद्धात वॉर्सा सोडावे लागले. मॉस्को, निझनी नोव्हगोरोद, तार्तू, व्होरोनेझ अशी फरफट झाली. १९१९ मध्ये, ४७ व्या वर्षी, व्होरोनेझला ते वारले. १९३१ मध्ये हायडेलबर्गला ही पद्धत पुन्हा वापरात आणली ती कून आणि लेडरर यांनी, आणि कून हे विल्श्टेटर यांचेच विद्यार्थी!

पिंपरीत १९५५ मध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागले, त्या काळी रक्तातील अँटिबायोटिक मोजायला जंतूंची वाढ किती थांबते हे पाहत. आता खडूच्या जागी पोलादी नळीत अतिबारीक कण असतात आणि पंप मोठ्या दाबाने द्रव ढकलतो. रक्तातल्या असंख्य पदार्थांतून औषध ठरावीक वेळी वेगळे बाहेर पडते आणि मोजले जाते. मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णात हे फार मोलाचे. पातळी कमी पडली तर जंतू मरत नाहीत, आणि सेफेपीमसारखे औषध साचले तर भ्रम होतो, झटकेही येतात.

असा रिपोर्ट हातात आला की मी आधी दोन वेळा शोधतो: डोस कधी दिला आणि रक्त कधी घेतले. त्या नसतील तर आकड्याचा अर्थ लावता येत नाही.