सॅचमो आणि त्याचे गाव

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ज्यांना न्यू ऑर्लिन्सला जाण्याचा योग येईल त्यांनी फ्रेंच क्वार्टर नावाच्या जुन्या वस्तीत अवश्य फेरी मारावी. मिसिसिपी नदीपासून हाकेच्या अंतरावर सरकारची जुनी टांकसाळ आहे. नाणी पाडण्याचे काम तिथे केव्हाच बंद झाले, आता तिथे जॅझ संगीताचे संग्रहालय आहे. २००१ साली इथे एक उत्सव सुरू झाला, त्याचे नाव सॅचमो समरफेस्ट. उघड्यावर उभारलेल्या मंचांवर गावातलीच मंडळी वाजवतात. सत्तरी ओलांडलेले क्लॅरिनेटवाले असतात, तशी शाळेच्या बँडमधली पोरेही असतात. रविवारी ट्रेमे वस्तीतल्या सेंट ऑगस्टिन चर्चमध्ये प्रार्थना होते आणि तिथून मिरवणूक निघते. पुढे ब्रास बँड आणि मागे छत्र्या-रुमाल नाचवणारे लोक, अशी ती टांकसाळीपर्यंत येते. उन्हाचा कडाका विचारू नका! पण घाम पुसत पुसत माणसे नाचतात.

हा सगळा थाट एका ट्रंपेटवाल्याच्या वाढदिवसाचा. लुई आर्मस्ट्राँग त्याचे नाव, आणि सॅचमो हे लाडाचे नाव. नवख्या माणसाला वाटावे की हा या गावाचा लाडका लेक इथेच राहिला, इथेच गेला. तसे नाही. त्याची समाधी न्यूयॉर्कमधल्या फ्लशिंगच्या दफनभूमीत आहे. इतकेच नव्हे, ऐन कीर्तीच्या काळात तब्बल नऊ वर्षे त्याने या गावात ट्रंपेट वाजवला नाही. रागाने वाजवला नाही, आणि तो राग रास्त होता.

लुई जन्मला ४ ऑगस्ट १९०१ रोजी. स्वतः मात्र तो जन्मभर ४ जुलै १९०० हीच तारीख सांगत आला. खरी तारीख त्याच्या मृत्यूनंतर, १९८०च्या दशकात, चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीवरून उजेडात आली. आपल्याकडेही मास्तरांनी शाळेत घालताना लिहून टाकलेल्या तारखेवर कितीजण जन्म काढतात! असो. आई मेअ‍ॅन जेमतेम सोळा वर्षांची, आणि बाप मूल झाल्यावर लवकरच घर सोडून गेलेला. पहिली काही वर्षे पोर आजीने सांभाळले. वस्ती इतकी भांडखोर की लोक तिला रणांगणच म्हणत.

त्या रणांगणात या पोराला माया लावली ती कार्नोफ्स्की नावाच्या एका ज्यू कुटुंबाने. लिथुआनियाहून आलेली ही माणसे भंगार गोळा करायची आणि कोळसा विकायची. लुई त्यांच्या गाडीवर बसे आणि गिऱ्हाइकांना कळावे म्हणून पत्र्याचे भोंगे फुंकी. रात्री त्यांच्याच घरी जेवे. सावकाराच्या दुकानात पाच डॉलरचे एक जुने कॉर्नेट त्याच्या मनात भरले, तेव्हा पैसे कार्नोफ्स्कींनीच उचल म्हणून दिले. याची आठवण म्हणून लुई मोठेपणी गळ्यात ज्यूंचा सहा कोनांचा तारा घालत असे. त्या वेळच्या न्यू ऑर्लिन्समध्ये ज्यूंनाही गोरे लोक फारसे जवळ करत नसत, आणि हे त्या लहान पोराच्या ध्यानात आले होते. मोठेपणी त्याने ते लिहूनही ठेवले.

३१ डिसेंबर १९१२ ची रात्र. नव्या वर्षाच्या जल्लोषात या अकरा वर्षांच्या पोराने आईच्या एका मित्राचे पिस्तूल घेतले आणि रॅम्पार्ट रस्त्यावर हवेत बार काढला. पोलिसाने जागीच धरले, आणि दुसऱ्या दिवशी रवानगी झाली काळ्या मुलांच्या सुधारगृहात. तिथे पीटर डेव्हिस नावाचे संगीतशिक्षक होते. रणांगणातून आलेले पोर म्हणून ते आधी त्याला जवळ येऊ देईनात. मग हळूहळू हातात वाद्ये दिली आणि शेवटी कॉर्नेट देऊन बँडचा म्होरक्या केले. हा बँड गावातून मिरवत असे. ज्या वस्तीतून पोलीस घेऊन गेले त्याच वस्तीतून लुई गणवेश घालून बँडच्या पुढे चालत गेला, आणि लोकांनी पैशांचा पाऊस पाडला. १९१४ च्या जूनमध्ये तो सुटला. दिवसा कोळशाच्या गाडीवर काम आणि रात्री गुत्त्यांतून कॉर्नेट, असा क्रम सुरू झाला.

शिक्षणाचे पुढले वर्ग नदीवर भरले. मिसिसिपीवरून सैर करणाऱ्या आगबोटींवर फेट मॅरेबलचा वाद्यवृंद होता. कानाने वाजवणाऱ्या लुईला लिहिलेले संगीत वाचायला नीट शिकवले ते इथे. ऑगस्ट १९२२ मध्ये त्याचा गुरू किंग ऑलिव्हर याची शिकागोहून तार आली आणि एकवीस वर्षांचा लुई आगगाडीत बसला. आईने माशाचे सँडविच बांधून दिले होते. त्या काळात दक्षिणेतली काळी माणसे हजारोंनी उत्तरेकडे चालली होती, त्यांतलाच हा एक. गाव सोडून आलेल्या आपल्या वाचकांना त्या पुडक्याचे मोल मी काय सांगावे!

पुढल्या सहा वर्षांत या माणसाने जे केले त्याने संगीताचा प्रवाह वळवला, असे जाणकार म्हणतात आणि त्यात अतिशयोक्ती नाही. न्यू ऑर्लिन्सचा जॅझ हा मुळात समूहाचा खेळ. कॉर्नेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन सारे एकाच वेळी एकमेकांत गुंफून वाजवायचे. १९२३ मध्ये ऑलिव्हरच्या बँडची ध्वनिमुद्रणे झाली, तेव्हा लुईचा आवाज इतरांना गिळू लागला म्हणून त्याला कर्ण्यापासून दूर उभे केले, अशी कथा सांगतात. नोव्हेंबर १९२५ पासून त्याने स्वतःच्या हॉट फाइव्ह या मंडळींबरोबर ध्वनिमुद्रिका काढल्या. पियानोवर त्याची तेव्हाची पत्नी लिल हार्डिन होती. या ध्वनिमुद्रिकांत एकटा वादक पुढे येतो आणि दिलेल्या चौकटीत मनात येईल तसे रचत जातो. राग तोच आणि बंदिशही तीच, पण आलाप-तानांत गवयाचा स्वतःचा जीव उतरतो, ही गोष्ट आपल्या मैफलींत बसलेल्याला समजावून सांगावी लागत नाही. जून १९२८ मधील ‘वेस्ट एंड ब्लूज’च्या आरंभी तो एकटाच, साथीशिवाय, काही सेकंद ट्रंपेट वाजवतो. ते काही सेकंद ऐकून पुढल्या पिढीतल्या कित्येकांनी हे वाद्य हाती धरले. गळा त्याचा घोगरा, पण गाण्यातही त्याने शब्द सोडून नुसत्या अक्षरांवर खेळण्याची रीत लोकप्रिय केली. आपल्या तराण्याचा हा दूरचा भाऊ म्हणायला हरकत नाही.

या लाटेचे पाणी मुंबईलाही लागले. शिकागोत लुईच्या शेजारी बसून पियानो वाजवणारा टेडी वेदरफोर्ड पुढे पूर्वेकडे गेला, मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला आणि १९४५ मध्ये कलकत्त्याला वारला. गोव्याचा अंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने मुंबईत ट्रंपेट वाजवी. त्याला लोक मुंबईचा लुई आर्मस्ट्राँगच म्हणत. आपले सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे चितळकर, यांच्या बरोबर त्याने चित्रपटांत काम केले. १९५१ च्या ‘अलबेला’तली गाणी पाठ असणाऱ्यांनी नकळत सॅचमोची नात्यातली फुंकर ऐकलेली आहे.

आता गावाकडे वळू. १९३१ च्या जूनमध्ये लुई नऊ वर्षांनी घरी आला. स्टेशनावर बँड लावून लोक त्याला घ्यायला आले होते. त्याच्या नावाचा बेसबॉलचा संघही गावात निघाला. पण तो वाजवणार होता सबर्बन गार्डन्स या ठिकाणी, आणि तिथे काळ्यांना प्रवेश नव्हता. त्याचे आपले लोक बाहेर नदीच्या बांधावर जमून, खिडक्यांतून येईल तेवढे ऐकत राहिले. कार्यक्रम रेडिओवरून जाणार होता, तर गोऱ्या निवेदकाने काळ्या माणसाचे नाव पुकारायला नकार दिला. लुईने साथीदारांकडून एक जोरकस सूर वाजवून घेतला आणि स्वतःच निवेदन केले. मुक्काम संपताना त्याने आपल्या लोकांसाठी वेगळा कार्यक्रम ठरवला. लोक लांबून आले, आणि ऐन वेळी तो रद्द झाल्याचे कळून तसेच परत गेले.

१९४९ मध्ये गावाने पुन्हा बोलावले. मार्दी ग्राच्या सणात काळ्या लोकांचा झुलू क्लब मिरवणूक काढतो, तिचा राजा म्हणून. लहानपणापासून त्याने ज्या मानाचे स्वप्न पाहिले तो हा मान. परंपरेप्रमाणे तोंडाला काळा रंग, डोळ्यांभोवती पांढरा, कमरेला गवताचा घागरा अशा वेषात तो रथावर चढला. सुशिक्षित काळ्या मंडळींना हे सोंग लाजिरवाणे वाटले आणि टीकेची झोड उठली. बाजू दोन्ही समजतात. बाहेरच्यांना सोंग दिसले आणि त्याला स्वतःची गल्ली दिसली. पण त्या दिवसापासून त्याच्या रुंद हास्याकडे लोक संशयाने पाहू लागले, हेही खरे. गोऱ्यांना खूश ठेवणारा म्हणून तरुण वादक त्याची हेटाळणी करीत.

त्याच माणसाच्या ऑल स्टार्स या संचात काळे आणि गोरे शेजारी बसून वाजवीत. १९५६ मध्ये लुइझियाना राज्याने कायदा केला की काळ्या-गोऱ्यांनी एकत्र खेळू नये, नाचू नये, एका मंचावर करमणूक करू नये. लुईने गावात वाजवणे बंद केले. गोरे साथीदार वगळून येणे त्याला सहज शक्य होते, आणि पैसाही मिळाला असता. तो आला नाही. जगभर राजेरजवाडे त्याच्यापुढे बसत होते आणि जन्मगावी त्याचा संच बेकायदेशीर ठरत होता.

पुढल्याच वर्षी, सप्टेंबर १९५७ मध्ये, आर्कान्सासमधील लिटल रॉक येथे नऊ काळ्या मुलांना शाळेत जाण्यापासून गव्हर्नरने शिपाई लावून अडवले. लुई तेव्हा नॉर्थ डकोटातल्या एका लहान गावी कार्यक्रमासाठी गेला होता. एका तरुण बातमीदाराने खोलीवर गाठले तेव्हा हा सदा हसतमुख माणूस भडकला. गव्हर्नरला त्याने अडाणी ठरवले, आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यात धमक नाही असे म्हणाला. सरकारच्या वतीने रशियाच्या दौऱ्यावर जाण्याची बोलणी चालली होती, तीही त्याने झिडकारली. मजकूर छापण्यापूर्वी दाखवला तेव्हा त्याने खाली सही केली, एक शब्द मागे घेतला नाही. काही ठिकाणी त्याच्या ध्वनिमुद्रिकांवर बहिष्काराची भाषा झाली. त्याची टिंगल करणारे कित्येक तोपर्यंत गप्पच होते! त्याच महिन्यात आयझेनहॉवरनी सैन्य पाठवून मुलांना शाळेत पोचवले, तेव्हा लुईने त्यांना अभिनंदनाची तारही केली.

१९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा झाला. त्याच वर्षी ‘हॅलो, डॉली!’ने बीटल्सना अव्वल स्थानावरून खाली ओढले, तेव्हा लुई बासष्ट वर्षांचा होता. आणि ३१ ऑक्टोबर १९६५ रोजी तो गावी परतला, जॅझ संग्रहालयाच्या मदतीसाठी वाजवायला. विमानतळावर त्याला घ्यायला जी मंडळी आली होती त्यांत वृद्ध पीटर डेव्हिसही होते, सुधारगृहातले ते मास्तर. एकीकडे गाव सत्कार करीत होते आणि दुसरीकडे जेन अ‍ॅलीतले त्याचे जन्मघर आदल्या वर्षीच सरकारी इमारतीसाठी पाडून टाकले होते.

६ जुलै १९७१ रोजी न्यूयॉर्कमधल्या कोरोना वस्तीत, स्वतःच्या घरी, झोपेत लुई गेला. १९४३ साली पत्नी ल्युसीलने घेतलेले हे साधे विटांचे घर. शेजारी कामकरी माणसे, आणि गल्लीतली पोरे याच्या पायरीवर बसायची. श्रीमंत वस्तीत जाण्याचा विचार त्याने केला नाही. न्यूयॉर्कचा अंत्यविधी शांत, नेमस्त झाला. न्यू ऑर्लिन्सच्या रीतीप्रमाणे बँड लावून, जाताना संथ भजने आणि येताना नाचरे सूर, असा निरोप तिथे मिळाला नाही. तो त्याच्या गावाने काही दिवसांनी नगरपालिकेच्या इमारतीसमोर दिला. हजारो लोक लोटले आणि ब्रास बँडांना वाट मिळेना.

मग गावाने एकेक करून त्याचे नाव लावायला सुरुवात केली. १९८० मध्ये उद्यान झाले, २००१ मध्ये विमानतळाला नाव दिले, आणि त्याच वर्षी हा उत्सव निघाला. उत्सवात त्याच्या आवडीचा लाल घेवडा-भातही असतो, आपल्या राजमा-भाताचाच सख्खा भाऊ. पत्राखाली सही करताना तो त्या पदार्थाचे नाव घालीत असे. २०२१ च्या आयडा वादळात कार्नोफ्स्कींची जुनी इमारत कोसळली. साउथ रॅम्पार्ट रस्त्यावर होती ती. त्याच रॅम्पार्टवर, कॅनाल स्ट्रीट ओलांडून पलीकडे थोडे चालत गेले की लुई आर्मस्ट्राँग उद्यानाचे प्रवेशद्वार लागते आणि आत त्याचा ट्रंपेट हाती घेतलेला पुतळा उभा आहे.