विष्णुपंतांची सर्कस

आमच्या निपाणीच्या घरात सध्या नातवंडांना दिवाळीच्या सुटीत खोपोलीच्या इमॅजिकात नेण्याचा बेत शिजतो आहे. कोणाची उंची कोणत्या पाळण्याला पुरेल, धाकटीची दुपारची झोप कुठे व्हायची, असा सारा हिशेब सूनबाईंनी वहीत मांडला आहे. तो ऐकता ऐकता मला विष्णुपंत छत्रे आठवले. आमच्या आजोबांची पिढी पोराबाळांसह गाडी जुंपून सर्कशीच्या तंबूकडे निघे, ती या गृहस्थांमुळे.

विष्णुपंत मूळचे अंकलखोपचे. गाण्याचे वेड आणि घोड्याचे वेड सारखेच. ग्वाल्हेरीस जाऊन हद्दूखाँसाहेबांकडे ते गायन शिकले. पुढे कुरुंदवाडकर पटवर्धनांच्या पागेची व्यवस्था पाहू लागले. 1879 साली मुंबईत इटालियन कियारिनीची सर्कस आली, ती त्यांनी पाहिली, आणि 20 मार्च 1880 रोजी त्याच मुंबईत स्वतःची उभी केली. त्यांच्या पत्नीही झोपाळ्यावरची कामे करीत. त्या काळी केवढे हे धाडस!

मला मात्र घोड्यांपेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. गुरूंचे चिरंजीव रहिमतखाँ विपन्नावस्थेत भटकत होते. विष्णुपंतांनी त्यांना आपल्याजवळ आणले आणि सर्कशीबरोबर गावोगाव सांभाळले. विष्णुपंत 1905 साली इंदुरास वारले. खाँसाहेब 1922 साली कुरुंदवाडास.

येताना वाट वाकडी करून वाडीच्या दत्ताचे दर्शन घ्यावे व जवळचे कुरुंदवाड मुलांना दाखवावे, असे मी सुचविले आहे. सूनबाईंनी ते वहीत लिहून घेतले आहे. पुढे प्रश्नचिन्ह आहे.